गायरानातला चर

चंद्री कळपाच्या पुढं चालायची, म्हणून पहिला मार तिलाच बसला.

विमानतळाची नवी कुंपणभिंत वाढत वाढत गायरानात आली होती आणि तळ्याकडं जाणारी म्हसरांची पायवाट तिच्या मधोमध सापडली होती. दोन्ही अंगांनी सिमेंटचे खांब उभे राहिले होते. मध्ये गाडी जाईल एवढी खिंड तेवढी उरली होती. चंद्री रोजच्यासारखी त्या खिंडीत शिरली. तिथं सावलीला बसलेला पहारेकरी यल्लप्पा उठला आणि त्यानं हातातला लोखंडी गज तिच्या नाकाडावर घातला.

"हिंदक्क होडी!" तो कन्नडात ओरडला. "मागं हाण! मागं!"

चंद्रीला मागं सरता येईना. दिवस भरत आलेली गाभण म्हैस, अंगानं जड, आणि मागून तहानलेला कळप तिला रेटत होता. तिनं मान झटकली. रक्ताचे थेंब खांबावर उडाले. यल्लप्पानं दुसरा गज डोळ्याखाली मारला, मग शिंगाच्या बुडात.

कळपाच्या मागं असलेला गोविंद धावत आला. त्यानं गज धरला, हिसकला आणि तोच यल्लप्पाच्या मांडीवर हाणला. यल्लप्पा मटकन खाली बसला. मग पत्र्याच्या शेडमधून बाकीचे पहारेकरी आले.

मंगला, गोविंदची बायको, रेडकांना घेऊन मागून येत होती. ती पोचली तेव्हा गोविंद पालथा पडला होता. एक जण त्याच्या पाठीवर गुडघा रोवून बसला होता, दुसरा बुटानं बरगड्यांत घालत होता. यल्लप्पा लंगडत आला. चंद्रीनं नुकतंच टाकलेलं शेण त्यानं मुठीत घेतलं, गोविंदचं डोकं केसांना धरून वर केलं आणि ते त्याच्या तोंडात कोंबलं.

"तिन्नु," तो म्हणाला. "खा. तुमचंच हाय न्हवं?"

मंगलानं गुडघा रोवलेल्याच्या मानेत नखं घातली. त्यानं न वळताच कोपर मारलं. ते तिच्या ओठावर बसलं, दात हलला, तोंडात रक्ताची चव आली. ती पडली, आणि पडल्या जागेवरून तिला पिवळं जेसीबी दिसलं. खिंडीपासून हाकेच्या अंतरावर ते उभं होतं. इंजिन चालू होतं. आत तिचा धाकटा दीर सागर बसला होता, दोन्ही हात दांड्यांवर. तो इकडंच बघत होता.

"सागर!" ती ओरडली. "अरे, अण्णाला मारतायत!"

सागर उतरला नाही.

रक्ताचा वास लागून म्हसरं बिथरली. कळप फिरला आणि धूळ उडवत वस्तीकडं पळत सुटला. मारणारे बाजूला झाले ते म्हशींना भिऊन. मंगलानं गोविंदच्या तोंडातलं शेण बोटानं काढलं. त्याला ओकारी आली, तशी बरगडीतली कळ वर उठली आणि तो मातीत तोंड खुपसून गुरासारखा ओरडला.

*

हुबळीच्या कडेला, गोकुळ गावाच्या मागं गवळ्यांची वस्ती. घरं लहान, गोठे मोठे. गोविंद आणि सागरच्या बापाच्या, अप्पाजीच्या गोठ्यात वस्तीतली सगळ्यात चांगली म्हसरं होती. पाठीकडं वळलेल्या शिंगांची, काळी, तुकतुकीत. धारवाडच्या सुभाष रोडवरचे पेढेवाले एकेकाळी त्याच्याच दुधासाठी माणूस पाठवायचे. अप्पाजी सांगायचा, म्हैस माणसाला हातानं ओळखते, तिच्यावर हात उगारायचा नाही. म्हशीवर त्यानं कधी उगारला नाही. पोरांवर मात्र दावं, काठी, चप्पल, जे हाताला येईल ते चालवलं. गोविंदच्या पाठीवर दाव्याचा एक वळ अजून उठून दिसायचा. गोविंदनं लग्न झाल्यावर तोच माराचा धडा मंगलाला दिला.

सागर संध्याकाळी कामावरून आला तेव्हा अप्पाजी उंबऱ्यात बसला होता. काठी मांडीवर आडवी होती.

"चप्पल काढू नकोस," अप्पाजी म्हणाला. "हिथनंच फीर."

"अप्पा, आधी ऐक तर..."

काठी त्याच्या खांद्यावर बसली. दुसऱ्यांदा ती वर गेली तेव्हा सागरनं ती हवेतच धरली. बाप ओढत राहिला. म्हाताऱ्याच्या मनगटाच्या शिरा ताठल्या. काठी सुटेना. शेवटी सागरनंच ती सोडली आणि अप्पाजी झोक जाऊन दाराच्या चौकटीवर आपटला.

आत गोविंद फरशीवर उताणा पडला होता. मंगला वीट तापवून, फडक्यात गुंडाळून त्याच्या बरगड्या शेकत होती. तिचा स्वतःचा ओठ सुजून कोयीएवढा झाला होता.

"खाली का उतरला नाहीस?" गोविंदनं विचारलं. आवाज अगदी साधा होता.

सागर भिंतीला टेकून उभा राहिला. "उतरलो असतो तर त्यांनी मलापण हाणलं असतं, आणि मशीन गेलं असतं. कळतंय का अण्णा? किती वर्सं क्लीनर म्हणून ग्रीस पुसलं मी. आत्ता कुठं सीटवर बसतोय."

"सीट," गोविंद म्हणाला.

"ती जागा आपली होती काय? सरकारनं कवाच घेतल्ती. आपुन चारत होतो म्हणून आपली झाली? तिथं मोठं टर्मिनल होतंय, मोठी विमानं येणार हायत. सगळं हुबळी खूश हाय. आपुन काय शेणातच लोळायचं जन्मभर?"

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. गोविंदनं तोंड भिंतीकडं केलं. अजूनही त्याच्या दातांच्या फटींत ती चव होती.

"भावजी," मंगला म्हणाली, "जेवा आणि गप पडा."

"तो हिथं जेवणार नाही," बाहेरून अप्पाजी ओरडला. मंगलानं तरी ताट वाढलं. सागरनं दोन घास खाल्ले आणि ताट सारून गोठ्यात जाऊन झोपला.

*

दुसऱ्या दिवशी अप्पाजी मंगलाला घेऊन साइटवर गेला. गोविंदला उठता येत नव्हतं, आणि अप्पाजीला साहेबांपुढं एकट्यानं जायचा धीर नव्हता. साहेबाचं नाव सुमंत. धारवाडचा, मास्तरांचा मुलगा, चांगलं मराठी बोलणारा. त्याच्या केबिनमध्ये गार हवेचं यंत्र होतं आणि भिंतीवर नव्या टर्मिनलचं रंगीत चित्र होतं. चित्रात झाडं होती, कारंजं होतं, बॅगा ओढणारी माणसं होती.

"बसा ना, खुर्चीवर बसा," सुमंत म्हणाला. अप्पाजी सवयीनं जमिनीवर बसला, म्हणून मंगलाही बसली. साहेबाला त्या दोघांशी टेबलावरून वाकून बोलावं लागलं.

"झालं ते वाईट झालं. मी त्या यल्लप्पाला झापलंय. पण तुमच्या मुलानं आधी मारलं असं सगळे सांगतायत."

"आधी म्हशीला हाणलं," मंगला म्हणाली.

सुमंतनं तिच्या ओठाकडं बघितलं आणि नजर काढून घेतली. "हे बघा, एक म्हैस धावपट्टीवर आली तर विमानातली सगळी माणसं जातील. लहान मुलं असतात, म्हातारी असतात. मी काय करू?"

"आमची म्हसरं तळ्यावर जात्यात, साहेब," अप्पाजी म्हणाला. "विमानात बसाय न्हाई."

सुमंतला हसू आलं, ते त्यानं आवरलं. "पावसाच्या आत भिंत पुरी झाली पाहिजे असं वरून सांगणं आहे. तारिहाळच्या रस्त्यानं वळसा घालून न्या. तिकडून तळ्याच्या पलीकडच्या काठाला वाट आहे."

"लांब पडतंय. गाभण म्हैस हाय."

"माझ्या हातात एवढंच आहे, काका."

उठताना अप्पाजीनं हात जोडले. त्यानं आयुष्यात म्हशीखेरीज कुणापुढं मान वाकवलेली मंगलानं पाहिली नव्हती. बाहेर आल्यावर त्यानं उगाचच तिला झिडकारलं, "तुला मधी बोलाय कुणी सांगिटलं?" आणि घर येईपर्यंत तो तिच्या पुढं पुढं चालत राहिला.

मग तारिहाळचा वळसा सुरू झाला. कारखान्यांमधून जाणारा डांबरी रस्ता, मालट्रकांचे भोंगे, लोखंड कापणाऱ्या यंत्रांची किरकिर. डांबर उन्हानं पाघळायचं आणि खुरांना चिकटायचं. फाटकाफाटकातून वॉचमन ओरडायचे. एका कारखान्यासमोर म्हशीनं शेण टाकलं तर तिथल्या माणसानं मंगलाला ते पदरानं उचलायला लावलं. टोपली आणते म्हटलं तर ऐकेना. तिनं उचललं. तळ्याच्या पलीकडच्या काठाला नुसता चिखल होता. म्हसरं त्यात गुडघाभर उभी राहायची, अंग बुडायचं नाही. उन्हानं कातडी तडकायला लागली. दूध आटलं.

गोविंद पडून असल्यामुळं देशपांडे नगरातला रतीब घालायला मंगलाच बसनं जायची. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी, दीपालीताईंनी, पातेल्यातलं दूध डावानं वर घेऊन सोडलं.

"पातळ आलंय गं. पाणी घालता का?"

"न्हाई बाई. म्हसरांना बुडायला पाणी न्हाई, म्हणून असं येतंय."

"म्हशींना पाणी नाही, आणि दुधात पाणी," दीपालीताई हसून म्हणाल्या. रागानं नव्हे, सहज. मग ओठाकडं बघून त्यांनी आवाज खाली आणला. "नवऱ्यानं का?"

मंगलाला नाही म्हणायचं होतं. पण याआधी इथं येताना तिनं किती वेळा गाल पदराखाली घेतला होता ते बाईंना ठाऊक होतं. ती किटली घेऊन जिना उतरली.

*

चर खणायचं काम सागरलाच मिळालं. भिंतीचे पत्रे यायला उशीर होता आणि वरून कुणीतरी पाहणीला यायचं होतं, म्हणून तोवर खिंडीसमोर माणूस बुडेल एवढा खोल चर मारायचं ठरलं. म्हणजे जनावर येणार नाही. सागरनं घरी सांगितलं नाही. सांगायला घरात त्याच्याशी बोलत कोण होतं?

गोविंद पुन्हा हिंडायला लागला होता. बरगड्यांना पंचा आवळून तो मंगलाबरोबर म्हसरं घेऊन निघायचा. त्या दिवशी वारा पडला होता, ढग दाटले होते, पाऊस मात्र येत नव्हता. तारिहाळहून परत येताना दिवस मावळतीला लागला होता आणि चंद्री तोंडातून फेस गाळत चालत होती. गायरानाच्या कडेला आल्यावर तिला तळ्याच्या अलीकडच्या, जुन्या काठाच्या पाण्याचा वास आला. ती थांबली, मान वर केली, आणि एवढ्या जड अंगानं पळत सुटली.

"चंद्रे! ए चंद्रे, हो!" गोविंद बरगडी धरून मागं धावला.

उपसलेल्या मातीच्या ढिगावरून ती वर चढली आणि पलीकडं दिसेनाशी झाली. आवाज आला तो मोठं पोतं पडल्यासारखा. मग हंबरडा.

मंगला पोचली तेव्हा गोविंद चरात उतरला होता. चंद्री कुशीवर पडली होती, मागचा एक पाय नको तिथं वाकला होता, पोट चराच्या भिंतीत चेपलं होतं आणि ती पुढच्या खुरांनी माती उकरत होती. काठावर जेसीबी उभं होतं. सागर खिडकीतून वाकून बघत होता. तोंड पांढरं पडलं होतं.

"अण्णा, बाजूला हो! मी उचलतो! पट्टे हायत माझ्याकडं!"

गोविंदनं वर बघितलं. मशीन, चर आणि भाऊ ही तिन्ही त्याला तेव्हा एकदम दिसली असावीत. तो काठ धरून वर आला. मजुरांचं एक फावडं ढिगात रोवलेलं होतं, ते त्यानं उपटलं आणि केबिनची काच फोडली. दुसऱ्या घावाला सागरचा कान चिरला. गोविंदनं त्याला शर्टाला धरून बाहेर ओढलं, तो तोंडावर आपटला.

"तू खणलास! तूच खणलास न्हवं!"

गोविंद त्याच्या छातीवर बसला आणि गळा आवळायला लागला. सागरचे पाय मातीत घासत होते. त्याच्या हाताला दगड लागला. तो त्यानं भावाच्या त्याच दुखऱ्या बरगडीत हाणला. गोविंद कळवळला, पकड ढिली झाली, दोघं एकमेकांना ओरबाडत ढिगावरून खाली गडगडले. लहानपणी एकाच गोधडीत झोपलेले हे दोघे आता एकमेकांच्या डोळ्यांत बोटं घालत होते.

मंगला त्यांच्यामध्ये गेली नाही. ती चरात उडी मारून उतरली होती. चंद्रीच्या पोटावर तिनं हात ठेवला. आत काहीतरी जोरानं हललं.

"जित्ती हाय!" ती ओरडली. "अवो, दोघंबी जित्ती हायत! आधी हिला काढा, मग मरा एकमेकांना मारून!"

गोविंदचा वर उचललेला हात थांबला. तो सागरच्या अंगावरून उठला. सागर धडपडत उभा राहिला. त्याच्या कानातून रक्त मानेवर ओघळत होतं.

"पट्टा पोटाखालनं सरकवाय लागंल," सागर म्हणाला.

"दे हिकडं."

त्यानंतर जे काम झालं तसं काम त्या दोन भावांनी आयुष्यात कधी एकत्र केलं नव्हतं. गोविंद आणि मंगलानं हातांनी माती उकरून पोटाखाली वाट केली, पट्टे सरकवले, एक पुढच्या पायांमागून, एक कासेच्या पुढून. गोविंद काठावर चढला आणि पट्ट्यांचे फास त्यानं जेसीबीच्या बकेटच्या दातांत अडकवले.

"सावकाश, सागर. आणखी. हां. थांब."

"धरलंयस न्हवं अण्णा?"

"धरलंय. वर घे."

पट्टे ताणले. चंद्रीचं अंग मातीतून सुटलं. बोटाबोटानं ती वर यायला लागली, डोळे मोठे झालेले, जीभ बाहेर. मंगला चरातून तिच्या पोटाला खांदा लावून रेटत होती. गोविंद काठाच्या दगडावर गुडघा टेकून, उजव्या हातानं फास बकेटच्या दातात दाबून धरत होता, कारण तो निसटू बघत होता. सागर ओठ चावून दांडी हलवत होता, अगदी अलगद.

कळप सुटून एकटाच घरी आला म्हणून अप्पाजी धावत निघाला होता. ढिगावर चढल्यावर त्याला दिसलं ते एवढंच: फुटलेली काच, थोरल्याच्या तोंडावरचं रक्त, आणि हवेत टांगलेली त्याची चंद्री.

"अप्पा, थांब!" गोविंद ओरडला.

म्हाताऱ्यानं ऐकलं नाही. पायरीवर पाय देऊन तो केबिनच्या उघड्या दाराशी चढला आणि त्यानं सगळी ताकद लावून सागरच्या मानेवर काठी हाणली.

सागर पुढं दांड्यांवर कोसळला. बकेट खाली आलं.

गोविंदचा हात दगड आणि लोखंडाच्या मध्ये होता. त्याची किंकाळी मंगलाला खालून ऐकू आली आणि त्याच वेळी चंद्रीचं सगळं ओझं तिच्याकडं आलं. ती कशीबशी चराच्या भिंतीला चिकटली. म्हैस तिच्या अंगाला घासत स्वतःच्याच मानेवर पडली. एक आवाज झाला, सुकं लाकूड मोडल्याचा, आणि मग चरात काहीच हललं नाही. पोटातलं मात्र थोडा वेळ हलत राहिलं. मंगलाच्या हाताखाली ते हलकं हलकं होत गेलं.

वर सागरनं बकेट उचललं. गोविंदच्या मनगटाखाली जे उरलं होतं त्याला हात म्हणता आलं नसतं. अप्पाजी काठी धरून पायरीवरच उभा होता. तो कुणाकडंच बघत नव्हता.

*

मनगटापासून हात काढावा लागला. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी ते सांगितलं तेव्हा मंगलाच्या अंगावरचा चिखल अजून वाळला नव्हता.

पोलिसांनी सागरला साइटवरूनच उचललं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदारानं अप्पाजीला आणि तिला ठाण्यात बोलावलं. तिथं कंपनीचा एक माणूस आधीच बसून होता. सुमंत साहेबही होता, पण तो खिडकीशी उभा राहून फोनमध्ये बघत होता. सागर कोपऱ्यात जमिनीवर बसला होता. एक डोळा पूर्ण मिटला होता. तेवढं गोविंदनं केलेलं नव्हतं, हे मंगलाला कळलं.

"ऑपरेटर दारू प्यायला होता," कंपनीचा माणूस फौजदाराला कन्नडात सांगत होता. "काम संपल्यावर मशीन कुणाला न विचारता चालवलं. भावाभावांचं जुनं भांडण. कंपनीचा यात काही संबंध नाही."

फौजदार अप्पाजीकडं वळला. "हौदेनप्पा? खरं का हे? तुमचा मुलगा प्यायला होता? मुद्दाम मारलं त्यानं?"

अप्पाजीनं टोपी काढून हातात घेतली. मंगला त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

"व्हय," अप्पाजी म्हणाला. "पेला होता. त्यानंच मारलं."

सागरनं मान वर केली. बापाकडं बघितलं. मंगलाला वाटलं, हा आता बोलणारच नाही. लहानपणापासून खाल्लेल्या मारासारखंच हेही खाईल आणि गप राहील.

"सुळ्ळु," ती म्हणाली. खोटं. तिच्या तोंडून ते कन्नडात निघालं, त्यामुळं ठाण्यातल्या सगळ्यांना एकदम कळलं. "भावजी पेले नव्हते. म्हस काढत होते. माझा नवरा आणि ते, दोघं मिळून काढत होते. निम्मी वर आली होती. मामांनी मागनं काठी घातली, म्हणून बकेट पडलं."

"मंगला!" अप्पाजी ओरडला आणि उठला. हात वर गेला तो ठाण्यात आहोत हेही विसरून.

ती मागं सरली नाही. "हाणा. ह्या साहेबांसमोर हाणा, म्हंजे त्यांनाबी दिसंल कसं झालं ते."

हात तसाच हवेत राहिला. फौजदारानं तो हात बघितला, सागरच्या मानेवरचा काळानिळा वळ बघितला आणि खुर्चीत मागं रेलला. सुमंतनं फोन खिशात ठेवला.

"आणि चराला कुंपण नव्हतं," मंगला त्याच्याकडं वळून म्हणाली. "कंदील न्हाई, दोरी न्हाई. खणाय कुणी सांगिटलं ते भावजींनी सांगावं की तुमी सांगता?"

सुमंतचा चेहरा उतरला. "काम मीच सांगितलं होतं," तो फौजदाराला म्हणाला. कंपनीच्या माणसानं त्याच्या दंडाला धरून त्याला बाहेर नेलं. बाहेर त्यांचं बराच वेळ चाललं होतं.

शेवटी फौजदारानं तो अपघात ठरवला. सागर सुटला, त्याचं काम गेलं. अप्पाजीला मात्र संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवलं आणि त्याच्या मुलाच्या वयाच्या शिपायानं येता जाता त्याच्या टाळक्यात टपल्या मारल्या. मंगला ते बघत समोरच बसून होती. तिला बरं वाटलं नाही, आणि वाईटही वाटलं नाही.

सागर दवाखान्यात गेला, गोविंदच्या खाटेशी उभा राहिला. गोविंदला औषधाची गुंगी होती. त्यानं डावा हात उचलून भावाच्या फाटक्या कानाला लावला आणि पुन्हा डोळे मिटले. सागर तिथनंच बळ्ळारीकडं गेला, खाणीवर काम असतं म्हणून.

चंद्रीला कुणी काढलं नाही. दुसऱ्या मशीननं चर बुजवला. तिच्यावरनं भिंत गेली.

*

गोविंद घरी आला तेव्हा पाऊस लागून गेला होता आणि गोठ्यात चिखल झाला होता. वस्तीतल्या बायका मंगलाशी बोलायच्या बंद झाल्या होत्या. सासऱ्याला ठाण्यात बसवणारी सून, एवढंच त्यांना कळलं होतं. अप्पाजी तर तिच्या हातचं घ्यायचा पण तिच्याशी बोलायचा नाही. धारा तोच काढायचा. सांधे सुजायचे, बोटं मिटायची नाहीत, रात्री तो ती गरम पाण्यात धरून बसायचा.

एक दिवस सकाळी गोविंद चरवी घेऊन म्हशीखाली बसला. कुणाला न सांगता. डाव्या हातानं धार बसेना. चरवी गुडघ्यांत धरवेना. थोटक्या मनगटानं त्यानं ती सावरायला बघितली. म्हशीला परका स्पर्श लागला, तिनं लाथ झाडली. चरवी उलटली, होतं तेवढं दूध चिखलात गेलं.

"उठा, मी काढते," मंगला म्हणाली.

ती एवढंच म्हणाली. गोविंद उठला. त्याच्या अंगाला दूध आणि शेण लागलं होतं. त्याचा डावा हात मागं गेला. तो हात तिला ठाऊक होता, फक्त आजवर तो दुसऱ्या बाजूनं यायचा. ती हलली नाही. डोळेही मिटले नाहीत तिनं.

अप्पाजी दावणीशी रेडकू धरून उभा होता. तो कधी मध्ये आला ते दोघांनाही कळलं नाही. थप्पड त्याच्या कानशिलावर बसली. टोपी चिखलात पडली, म्हातारा एका गुडघ्यावर आला.

गोविंद आपल्या हाताकडं बघत राहिला. बापाला त्यानं कधी मारलं नव्हतं. आता बाप उठेल आणि काय होईल ते होवो, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं.

अप्पाजी दावणीच्या खुंट्याला धरून उठला. कान लाल झाला होता, त्या बाजूच्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. त्यानं टोपी उचलली, झटकली, चिखलासकट डोक्यावर घातली. मग उलटलेली चरवी उचलून हौदाच्या पाण्यात विसळली आणि मंगलापुढं धरली.

"बस तू," तो तिला म्हणाला. ठाण्यातून आल्यापासून त्याचा तिच्याशी हा पहिला शब्द. "मी रेडकू सोडतो."

मंगला चरवी घेऊन खाली बसली. रेडकानं कासेला धडका दिल्या, म्हशीनं अंग सैल सोडलं. पान्हा आला.